गाडी हळू चार्ज होतेय? आधी नाडी बघा

सकाळच्या ओपीडीत रोज कुणी ना कुणी समोर बसतं आणि म्हणतं, "साहेब, लई अशक्तपणा आलाय. एखादी ताकदीची सलाईन लावा." मी तीसेक वर्षं एकच उत्तर देत आलोय. अशक्तपणा हा आजार नाही, लक्षण आहे. त्याच्यामागे रक्त कमी असेल, साखर वाढली असेल, थायरॉइड असेल, नाहीतर क्षयरोग दबा धरून बसला असेल. सलाईन लावली तर दोन तास बरं वाटेल, पण मूळ आजार आतल्या आत वाढत राहील.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याच दारात एक अशक्त रुग्ण उभा राहिला, माझी विजेवर चालणारी गाडी. आणि खरं सांगायचं तर मीही आधी सलाईनच मागितली.

गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष गाडीत नव्हताच. २०२० च्या जानेवारीत पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी टाटांची नेक्सॉन ईव्ही बाजारात आली, तेव्हा तिची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची होती. विजेच्या बिलातलं एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास. माझ्या गाडीची टाकीही साधारण तेवढीच, तीस युनिटांची. पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावात अशा गाडीचा खरा पंप म्हणजे घराच्या पोर्चमधला पंधरा अँपिअरचा सॉकेट. रात्री लावायची, सकाळी काढायची, एवढं सोपं. पहिल्या हिवाळ्यात दहा टक्क्यांवरून नव्वद टक्क्यांवर जायला दहा तास लागत. मार्च संपता संपता बारा झाले. एप्रिलच्या शेवटी पंधरा. रात्री दहाला लावलेली गाडी सकाळी सातला पाहिली तर अजून साठ टक्क्यांच्याही खालीच. त्यातच कधी कधी केबलवरच्या डब्यावर लाल दिवा लागायचा आणि चार्जिंग मध्येच थांबायचं.

त्याच दिवसांत आई म्हणाली, "सकाळी गाडीला हात लागला की हाताला झिणझिण्या येतेत रे." आईला मधुमेह आहे. मी डॉक्टर. मी तिची साखर तपासली, बी-१२ च्या गोळ्या सुरू केल्या आणि विषय मिटवला. मधुमेहातल्या झिणझिण्या बहुधा पायांपासून सुरू होतात, दोन्ही पायांना होतात आणि रात्री वाढतात. आईच्या झिणझिण्या एका हाताला होत्या, फक्त सकाळी होत्या आणि फक्त गाडीपाशी होत्या. एखाद्या विद्यार्थ्याने असं निदान माझ्यापुढे केलं असतं तर मी त्याला चांगलंच झापलं असतं.

दोन मिनिटांचा इलाज

मी एका लाईटवाल्या मुलाला बोलावलं. हुशार, कष्टाळू पोरगा. त्याने डब्यावरचा लाल दिवा पाहिला आणि लगेच म्हणाला, "सर, तुमची अर्थिंग लागंना. सॉकेटमधेच न्यूट्रलवरून अर्थिंगला एक लूप मारून देतो. दोन मिनिटाचं काम. दिवा हिरवा होतो, गाडी सुरू."

"काही होणार नाही ना?"

"काही होत नसतंय सर. समदे असंच करतेत."

हीच ती ताकदीची सलाईन. मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात आई बादली घेऊन अंगणात आली. अनवाणी पायांनी, ओल्या फरशीवर, एक हात गाडीच्या दाराला टेकवून ती कडेने जाऊ लागली. पाहता पाहता मला तिच्या झिणझिण्या आठवल्या. मी त्या मुलाला म्हणालो, "थांब. आधी तपासू या."

पहिली पायरी : दुसऱ्या घरी लावून बघा

रुग्ण आला की आधी त्याचं ऐकून घ्यायचं. कधीपासून होतंय, कोणत्या वेळी होतंय, सगळीकडे होतंय की एकाच ठिकाणी? गाडीच्या बाबतीत यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. तीच गाडी आणि तीच केबल दुसऱ्या चांगल्या घरी लावून बघायची. मी बीडला बहिणीकडे गेलो आणि तिच्या पार्किंगमधल्या सॉकेटला गाडी लावली. पडद्यावर जवळजवळ तीन किलोवॅटचा आकडा आला आणि तासाभरात हललाही नाही. म्हणजे गाडी धडधाकट होती, केबल धडधाकट होती. आजारी होतं माझं घर.

हा प्रयोग फुकटात होतो आणि सर्व्हिस सेंटरची फेरी वाचवतो. उलट, दुसऱ्या घरीही गाडी तितकीच मंद चालली, तर मग केबल किंवा गाडीतला चार्जर तपासायला कंपनीकडे जावं.

दुसरी पायरी : रक्तदाब मोजा

इथे थोडं गणित लागतं, पण ते पाढ्यांएवढंच. व्होल्ट म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे प्रवाह. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट, म्हणजे दर क्षणी गाडीला मिळणारी ताकद. २३० व्होल्ट आणि १३ अँपिअर असतील तर जवळपास ३००० वॅट, म्हणजे तासाला तीन युनिटं. तीस युनिटांच्या बॅटरीत दहापासून नव्वद टक्क्यांपर्यंत २४ युनिटं भरायची असतात. वाटेत उष्णतेत काही जातात, म्हणून मीटरवर सुमारे २७ युनिटं पडतात. भागिले तीन, म्हणजे नऊ तास. आपल्या गाडीचा हिशोब एकदा असा करून ठेवावा, म्हणजे गाडी खरंच हळू आहे की आपली अपेक्षाच जास्त आहे, हे कळतं.

माझ्या पडद्यावर मात्र १.८ किलोवॅट दिसत होते. २७ भागिले १.८, म्हणजे बरोबर पंधरा तास.

मग आम्ही व्होल्ट मोजले. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियननेच करावं, घरच्यांनी उघड्या तारांशी खेळू नये. घरच्यांसाठी सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो पुरे. मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवायची. नुसता सॉकेट मोजून काही कळत नाही. बसलेल्या माणसाची नाडी ठीक असते, जिना चढल्यावर दम लागतो. म्हणून गाडी चार्ज होत असतानाच दोन ठिकाणी मोजायचं, मीटरजवळच्या बोर्डावर आणि पोर्चमध्ये.

मीटरजवळ २१८ व्होल्ट होते. पोर्चमध्ये १९८. म्हणजे घरातल्या घरात वीस व्होल्ट गळाले होते, आणि प्रवाह १३ ऐवजी ९ अँपिअरवर आला होता. वीस गुणिले नऊ, १८० वॅट माझ्या भिंतीत आणि सांध्यांत निव्वळ उष्णता होऊन जात होते, रात्रभर.

पोर्चमध्ये सॉकेट पंधरा अँपिअरचा होता हे खरं, पण त्याच्या मागे होती घर बांधताना दिव्या-पंख्यांसाठी ओढलेली एक एमएमची वायर, साधारण चाळीस मीटर लांब. दारावर पाटी मोठ्या डॉक्टरची आणि आत कंपाउंडर, तसं. जुन्या घरांत हे फार सर्रास आढळतं. सॉकेट बदलला जातो, वायर तीच राहते.

तिसरी पायरी : ताप बघा

वायर पहिल्यापासून बारीकच होती. मग पहिल्या हिवाळ्यात दहा तास आणि आता पंधरा, हे कसं? उत्तर सॉकेट उघडल्यावर मिळालं. न्यूट्रलचा स्क्रू सैल होता. तारेचं टोक काळं पडलं होतं आणि आतलं प्लॅस्टिक तपकिरी होऊन सुरकुतलं होतं.

सैल सांध्याचं एक दुष्टचक्र असतं. संपर्क नीट नसला की तिथे रोध वाढतो. रोध वाढला की उष्णता होते. उष्णतेने पितळी पत्तीचा ताण जातो, धातूवर काजळीसारखा थर येतो, संपर्क आणखी बिघडतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स जूल याने १८४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं होतं की तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आमच्या त्या एका सांध्याचा रोध अंदाजे पाऊण ओहमच्या आत होता. ऐकायला किरकोळ. पण ९ अँपिअरला तिथे पन्नासहून जास्त वॅट आणि १३ अँपिअरला शंभराच्या वर वॅट उष्णता होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते. तशा दोन ते चार इस्त्र्या एका प्लॅस्टिकच्या डबीत रात्रभर चालू ठेवल्या तर काय होईल?

मिक्सर पाच मिनिटं चालतो, कपड्यांची इस्त्री मध्ये मध्ये बंद होते. घरातलं दुसरं कोणतंही यंत्र सलग नऊ-दहा तास इतका प्रवाह ओढत नाही. म्हणून वर्षानुवर्षं 'चालणारा' सॉकेट गाडी आल्यावर काही महिन्यांत शिजतो.

आणि गाडी हळू का झाली होती? माझ्या केबलच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा छोटा संवेदक आहे. प्लग तापला की तो प्रवाह कमी करतो. १३ चे ९ अँपिअर झाले की उष्णता निम्म्याहूनही खाली येते. मी ज्याला बिघाड म्हणत होतो, तो गाडीने माझं घर जळू नये म्हणून घेतलेला पवित्रा होता. सगळ्याच केबलमध्ये ही सोय असते असं नाही, म्हणून आपला हात हाच थर्मामीटर समजावा. गाडी लावून अर्धा तास झाला की आधी नीट बघायचं. जळका वास, तपकिरी डाग, वितळलेलं प्लॅस्टिक दिसलं तर हात न लावता थेट एमसीबी पाडायची. तसं काही नसेल तर प्लगच्या पाठीला हाताची मागची बाजू लावायची. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर चार्जिंग बंद, आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत बंदच.

इलाज साधा होता. मीटरजवळच्या बोर्डापासून पोर्चपर्यंत गाडीसाठी वेगळी लाईन टाकली, चार एमएमच्या तांब्याच्या वायरची, मध्ये एकही जोड नाही. तिला स्वतंत्र एमसीबी आणि चांगल्या प्रतीचा नवा सॉकेट. त्याच अंतरावर, त्याच १३ अँपिअरला आता वीसऐवजी पाच व्होल्ट पडतात. एक्स्टेन्शन बोर्ड तर वापरूच नये. गुंडाळलेल्या रिळावरची वायर उष्णता बाहेर टाकू शकत नाही आणि आतल्या आत वितळते.

दुसरा आजार : वाळलेली अर्थिंग

वैद्यकीत आम्हाला शिकवतात की सगळ्या लक्षणांना एकच कारण शोधा. अनुभव शिकवतो की वय झालेल्या रुग्णाला दोन आजारही असू शकतात. माझ्या घरालाही होते. वायर बदलून गाडीचा वेग आला, पण सकाळचा लाल दिवा आणि आईच्या झिणझिण्या तशाच राहिल्या.

दोन्ही सकाळीच का? कारण सकाळी आम्ही बोअरची मोटार लावतो. मोटार बंद केली की दिवा हिरवा, लावली की लाल. मोटारीच्या आतलं इन्सुलेशन जुनं होऊन तिच्यातून थोडा करंट अर्थिंगच्या तारेत गळत होता. अर्थिंग चांगली असती तर तो गुपचूप जमिनीत गेला असता. पण अर्थिंगच मेली होती. मिस्त्रीने अर्थ टेस्टर लावला तर रोध दीडशे ओहमच्या आसपास. गळका करंट जमिनीत मुरायला वाट नाही, म्हणून त्याच तारेला जोडलेल्या प्रत्येक वस्तूच्या अंगावर तो चढत होता. फ्रिज, कूलर आणि चार्जिंगला लावलेली गाडी. केबलमधला डबा अर्थिंग तपासतो, त्याला हे कळत होतं. आईच्या हातालाही कळत होतं. मलाच तेवढं कळलं नव्हतं.

आपल्याकडे हे का होतं, ते इथल्या जमिनीत आहे. पाटोदा बालाघाटाच्या पठारावर वसलेलं. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. सौताड्याच्या धबधब्यापाशी उभं राहिलं की हा खडकाचा थर उघडाच दिसतो. मुरमात पाणी टिकत नाही आणि वीज जमिनीत शिरते ती ओलाव्यातून. पावसाळ्यात बरी असणारी अर्थिंग मे महिन्यात निकामी होते. त्यातून घर बांधताना कोळसा-मीठ घालून पुरलेली पट्टी वीस वर्षांत गंजते, वरचा क्लॅम्प तुटतो, आणि तो खड्डा कुठे होता हेही घरात कुणाला आठवत नाही.

आम्ही ओल टिकेल अशा जागी नवा, खोल खड्डा घेऊन पाइपची अर्थिंग केली, पाणी घालायला वर तोंड ठेवलं आणि मोटार दुरुस्तीला पाठवली. उन्हाळ्यात दर आठवड्याला तिथे दोन बादल्या पाणी जातं. पण नुसतं पाणी ओतून भागवू नका. वर्षातून एकदा, तेही मे महिन्यात, अर्थिंगचा रोध मोजून घ्या.

त्या लूपने काय झालं असतं?

आता त्या दोन मिनिटांच्या इलाजाकडे परत येऊ. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग जोडली की डब्याला वाटतं, अर्थिंग आहे. दिवा हिरवा होतो. पण गाडीचा सगळा लोखंडी सांगाडा आता न्यूट्रलच्या तारेला बांधलेला असतो. ती तार शाबूत आहे तोवर काही कळतही नाही. जिथे कुठे ती सुटेल, तिथे त्याच लाईनवरच्या दिव्या-पंख्यातून फिरून आलेली फेज न्यूट्रलमध्ये अडकते आणि लूपमधून गाडीच्या अंगावर येते. रबरी टायरमुळे गाडी जमिनीपासून तुटलेली. ती शांतपणे २३० व्होल्ट अंगावर घेऊन उभी राहते, कुणीतरी अनवाणी येऊन हात लावेपर्यंत.

आणि माझ्या घरात सैल झालेली तार कोणती होती? न्यूट्रलच. सॉकेटमध्ये ती जळत आली होती आणि त्या जुन्या लाईनवर आणखी किती जोड तसेच असतील, देव जाणे.

अशा वेळी एमसीबी पडत नाही का, असं लोक विचारतात. एमसीबी तारेचं रक्षण करते, माणसाचं नाही. दीडशे ओहमच्या अर्थिंगमधून २३० व्होल्टला जेमतेम दीड अँपिअर वाहतो. सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हे चार-पाच पंखे चालू असण्याइतकं किरकोळ. माणसाच्या हृदयाला मात्र याच्या वीसाव्या हिश्शाएवढा प्रवाह पुरतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे चार्ल्स डॅल्झिएल नावाचे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. किती प्रवाहाला माणसाचा हात तारेवरून सुटत नाही, हे त्यांनी स्वयंसेवकांवर मोजलं. एक मिलिअँपिअरला झिणझिण्या कळतात. पुरुषांमध्ये सरासरी सोळा, स्त्रियांमध्ये साडेदहा मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि हात सोडवत नाही. त्याहून वर गेलं की श्वासाचे स्नायू जखडतात, आणि पन्नास ते शंभर मिलिअँपिअर छातीतून गेले तर हृदय ठोके देण्याऐवजी नुसतं थरथरू लागतं. झिणझिण्या आणि मृत्यू यांच्यात एवढंच अंतर आहे. याच डॅल्झिएल यांनी १९६१ मध्ये गळका करंट ओळखून वीज तोडणारं यंत्र तयार केलं. आपल्याकडे त्याच कामाचं जे उपकरण मिळतं त्याला आरसीसीबी म्हणतात. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांच्यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत लाईन तोडतं. मुरमाड जमिनीत, जिथे अर्थिंगचा भरवसा नाही, तिथे ही चैन नव्हे, गरज आहे. गाडीच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरची, 'टाईप ए' प्रकारची आरसीसीबी बसवा आणि तिच्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते का ते बघा.

एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे कूलरचा शॉक लागलेले रुग्ण येतात. पाणी भरताना हात लागलेली बाई, मोटारीचा स्टार्टर दाबायला ओल्या पायाने गेलेला शेतकरी. काही चालत येतात. काही येतात तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. बरोबर आलेल्यांना विचारलं की बऱ्याचदा एक वाक्य ऐकू येतं, "थोड्या झिणझिण्या आधीपासूनच यायच्या साहेब."

जे बिघाड नाहीत, आणि जे घराबाहेर आहेत

हळू चार्जिंग दरवेळी आजारच असतं असं नाही. ऐंशी टक्क्यांनंतर, विशेषतः शेवटच्या काही टक्क्यांत, बॅटरी सांभाळायला गाडी स्वतःच वेग कमी करते. चाळीस अंशांच्या उन्हातून आलेली गाडी लगेच लावली, तर काही गाड्यांत बॅटरी थंड करायलाच बरीच वीज जाते. सावलीत तासभर उभी करून मग लावा. गाडीच्या पडद्यावर प्रवाहाची मर्यादा किंवा ठरावीक वेळ चुकून लावली गेली आहे का, तेही बघा.

मीटरपाशीच व्होल्ट कमी असतील, तर घरची वायर बदलून उपयोग नाही. सिंगल फेजचा पुरवठा २३० व्होल्टच्या सहा टक्के मागेपुढे, म्हणजे साधारण २१६ ते २४४ च्या मध्ये असावा, असा नियम आहे. संध्याकाळी सगळं गाव एकदम कूलर, मिक्सर, टीव्ही लावतं, तेव्हा डीपीवर भार येऊन व्होल्ट उतरतात. म्हणून गाडी रात्री अकरानंतर लावणं शहाणपणाचं. चार-पाच दिवस वेळ लिहून व्होल्टची नोंद ठेवा आणि मग १९१२ या क्रमांकावर तक्रार करा. 'व्होल्टेज कमी असतं' यापेक्षा 'रात्री आठला १८५ असतं' ही तक्रार कुणालाही टाळता येत नाही. आणि दिवे कधी मंद, कधी डोळे दिपतील असे होत असतील, तर बाहेरचा न्यूट्रल सैल असू शकतो. तेव्हा गाडी ताबडतोब काढा आणि तक्रार त्याच घटकेला करा.

घरच्या मीटरवरून आपली गाडी चार्ज करायला आडकाठी नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरी चार्जिंगला स्पष्ट मुभा दिली आहे. फक्त वीजबिलावर 'मंजूर भार' किती लिहिलाय ते बघा. तीन किलोवॅटची गाडी आणि वर कूलर-मोटार, हे त्यात बसत नसेल तर भार वाढवून घेण्याचा अर्ज करा. सात किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवायचा असेल, तर हे आधी केल्याशिवाय पुढे जाऊच नका. त्याला ३२ अँपिअर लागतात आणि वायरही त्याच मापाची.

शॉक लागलाच तर

माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने तार दूर करा. माणूस श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन लावायला कुणाला तरी सांगा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्ध हरपली होती, छातीत धडधडतंय, भाजलंय किंवा बाई गरोदर आहे, तर वरून बरं दिसलं तरी दवाखान्यात या आणि ईसीजी काढून घ्या. विजेची जखम वरून चण्याएवढी आणि आत वीतभर असू शकते. लघवी चहासारखी काळपट झाली, तर स्नायू जळल्याची ती खूण आहे. तेव्हा एक तासही घरी काढू नका.

माझी गाडी आता पावणेदहा तासांत भरते. नवी लाईन टाकणारा तोच मुलगा आहे, ज्याने मला लूप सुचवला होता. काम झाल्यावर मी त्याला विचारलं, असे लूप आजवर किती घरांत मारलेस? त्याने थोडा वेळ हिशोब केला, मग खाली मान घालून म्हणाला, "सात-आठ असतील सर." दुसऱ्या दिवसापासून तो एकेका घरी जाऊन ते काढतोय. दोघांनी ऐकलं नाही, असं सांगत होता. त्यांचं म्हणणं, गाडी तर छान चार्ज होतेय की.

तुमचीही छान चार्ज होत असेल. तरी आज रात्री गाडी लावल्यावर अर्ध्या तासाने एकदा पोर्चमध्ये जाऊन प्लग बघा, आणि सॉकेटच्या आत अर्थिंगची तार नेमकी कुठे जोडली आहे, हे आपल्या इलेक्ट्रिशियनला विचारा.